प्रगतिपुस्तकात प्राण्याचा रकाना कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा भरल्या की पहिल्या पालकसभेत हल्ली काही ठिकाणी एक रंगीत कागद हातात पडतो. ‘तुमचं मूल कोणता प्राणी?’ वर दहा ओळी, प्रत्येक ओळीत चार शब्द आणि खाली चार चित्रं : सिंह, पाणमांजर, गोल्डन रिट्रीव्हर जातीचा कुत्रा आणि बीव्हर. मुलानं शब्दांपुढे आकडे टाकायचे, उभ्या बेरजा करायच्या, ज्याची बेरीज मोठी तो त्याचा प्राणी. सिंह म्हणजे पुढारी, पाणमांजर म्हणजे खेळकर, कुत्रा म्हणजे जीव लावणारा, बीव्हर म्हणजे नेटका आणि कामसू. कुठे हाच प्रकार गरुड, मोर, पारवा आणि घुबड या पक्ष्यांवर चालतो. एखाद्या तासाची गंमत म्हणून याला कुणी हरकत घेऊ नये. पण हा प्राणी दुसऱ्या दिवशी बाकावरच्या पट्टीवर आणि सहामाहीला प्रगतिपुस्तकात जाऊन बसतो, तेव्हा त्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

हे चार प्राणी आले कुठून, ते आधी पाहू. कागदाच्या तळाशी ‘मानसशास्त्रीय चाचणी’ असं छापलं की पालक तिथेच मान डोलावतात. सिंह-पाणमांजर-रिट्रीव्हर-बीव्हर ही चौकडी गॅरी स्मॉली आणि जॉन ट्रेंट या अमेरिकी कौटुंबिक समुपदेशकांनी १९९० साली आपल्या पुस्तकातून लोकांपुढे ठेवली. घरातल्या माणसांनी एकमेकांचे स्वभाव ओळखून नीट वागावं, एवढाच तिचा हेतू. हा साचा विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाच्या १९२८ सालच्या मांडणीशी जुळतो. त्यांनी माणसाच्या वागण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या होत्या : वर्चस्व गाजवणं, मन वळवणं, नमतं घेणं आणि नियमाला धरून राहणं. (रक्तदाबावरून खोटं पकडण्याची पद्धत काढणारे आणि पुढे ‘वंडर वूमन’ हे चित्रकथेतलं पात्र निर्माण करणारे मार्स्टन ते हेच.) या चार तऱ्हांवरच्या प्रश्नावल्या नंतर इतरांनी बांधल्या, आणि त्यांचा वापर मुख्यतः नोकरीच्या जागी, मोठ्या माणसांवर झाला. आणखी मागे गेलं तर ग्रीक वैद्यकातले चार द्रव भेटतात : रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. त्यावरून चार स्वभाव सांगण्याची रीत दीड-दोन हजार वर्षांची आहे. म्हणजे ‘चार’ हा आकडा मुलांचं निरीक्षण करून निघालेला नाही, परंपरेनं चालत आलेला आहे.

मुलांचं खरोखर निरीक्षण करणाऱ्यांना काय दिसलं, तेही सांगतो. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून शंभरावर मुलं तान्ही असल्यापासून मोठी होईपर्यंत पाहिली. नऊ वेगवेगळ्या गुणांच्या नोंदी ठेवल्या. त्यांनाही तीन गट करावेसे वाटले : सहज रुळणारी मुलं ४० टक्के, हळूहळू रुळणारी १५ टक्के, अवघड जाणारी १० टक्के. बेरीज करा. ६५ होते. उरलेली ३५ टक्के मुलं कुठल्याच गटात बसली नाहीत, आणि त्यांनी ती बसवलीही नाहीत. आपल्या रंगीत कागदावर मात्र ‘कुठलाच प्राणी नाही’ असा पर्याय नसतो. साठ मुलांच्या वर्गात साठच्या साठ मुलांना प्राणी मिळतोच.

आता त्या बेरजेकडे जरा जवळून पाहू. प्रत्येक ओळीतल्या चार शब्दांना ४, ३, २, १ असे क्रम द्यायचे असतात. एका ओळीची बेरीज १०, दहा ओळींची १००. म्हणजे चार प्राण्यांना मिळून शंभरच गुण, सरासरी प्रत्येकी २५. समजा एका मुलीचे गुण आले सिंह २७, पाणमांजर २५, कुत्रा २५, बीव्हर २३. कागद म्हणतो, ही सिंह. आता एकाच ओळीत तिनं पहिल्या दोन शब्दांची अदलाबदल केली, सिंहाच्या शब्दाला ४ ऐवजी ३ आणि पाणमांजराच्या शब्दाला ३ ऐवजी ४ दिले, की दोन्ही २६ वर येतात. दोन ओळींत केली की ती पाणमांजर होते. तिच्यात काहीही बदललेलं नाही. डबा खाण्याआधी कागद भरला की नंतर, एवढाही फरक दोन ओळींना पुरतो.

या गुणपद्धतीत आणखी एक मेख आहे, ती शिक्षकांच्याही चटकन लक्षात येत नाही. गुण शंभरात वाटायचे असल्यामुळे एक वाढला की दुसरा घटणारच. पुढाकारही घेते, जीवही लावते, वह्याही टापटीप ठेवते अशी मुलगी या कागदावर दिसूच शकत नाही. आणि सगळ्याच बाबतीत आत्ता गळून गेलेला मुलगाही दिसू शकत नाही. त्याच्याही गुणांची बेरीज शंभरच येते आणि त्यालाही एक गोजिरवाणा प्राणी मिळतो. शिवाय एकाचे ‘सिंह ३०’ आणि दुसऱ्याचे ‘सिंह २५’ यांची तुलनाही करता येत नाही, कारण प्रत्येकानं फक्त स्वतःच्याच चार शब्दांत क्रम लावलेला असतो. तरी वर्गाचा ‘सर्वात मोठा सिंह’ काढला जातो आणि तो वर्गप्रतिनिधी होतो.

भाषांतराची अडचण वेगळीच. मूळ शब्द इंग्रजी. तिथल्या विशेषणांना लिंग नाही, मराठीत आहे. ‘धाडसी’, ‘हट्टी’ चालून जातं, पण ‘पुढाकार घेतो’, ‘शिस्तीचा’, ‘सगळ्यांचा लाडका’ असं छापलं की मुली तो रकाना आपला नाही असं समजून पुढे जातात. ‘घेतो/घेते’ असं तिरकी रेघ देऊन छापलं तर तिसरी-चौथीची मुलं वाक्यातच अडखळतात. उपाय सोपा आहे : ‘मला गटात आधी बोलायला आवडतं’, ‘मला दप्तर रात्रीच भरून ठेवायला आवडतं’ अशी ‘मला’नं सुरू होणारी वाक्यं करायची. त्यात लिंग येत नाही आणि गुणाऐवजी कृती येते. दुसरी खबरदारी म्हणजे प्राण्यांची चित्रं त्याच पानावर ठेवायची नाहीत. सिंहाचं चित्र समोर दिसत असताना दहा वर्षांचा मुलगा आधी सिंह निवडतो आणि मग त्याला जुळतील असे आकडे भरतो. मुलं लबाडी करतात म्हणून नव्हे; आवडता प्राणी आणि आपण स्वतः यांतला फरक त्या वयात पुसटच असतो. त्यामुळे चौथीपर्यंत अशी स्वतःविषयीची प्रश्नावली देण्यात काही अर्थ नाही. ती भरून मुलाबद्दल कळतं एवढंच, की त्याला कुठलं चित्र आवडलं.

आणि प्राणी तरी कुठले? बीव्हर आपल्या देशात नाही. रिट्रीव्हर सोसायटीतल्या मुलांना माहीत, वाडीवस्तीवरच्या मुलांना ‘कुत्रा’ एवढंच कळतं, आणि मराठीत कुणाला कुत्रा म्हणणं ही कौतुकाची गोष्ट नाही. पाणमांजराचं भाषांतरात उदमांजर व्हायला वेळ लागत नाही. ते झाडावर चढणारं, निराळंच जनावर. पक्ष्यांच्या कागदावर विचारी, अभ्यासू मुलाला ‘घुबड’ मिळतं. इंग्रजी गोष्टींत घुबड शहाणं असेल, आपल्याकडे घुबड ओरडलं की आजी दार लावून घेते. ज्या गावांत बिबट्यानं माणूस नेलेला आहे तिथे ‘तू बिबट्या’ म्हणून टाळ्या वाजवणं बरोबर नाही. आणि ज्या पाड्यांवर वाघोबाला शेंदूर लावतात तिथे वाघाचा मुखवटा घालून नाचवायच्या आधी गावातल्या जाणत्या माणसाला विचारावं.

हजेरीपटाचंही तेच. प्राण्यांशी संबंधित कुठलाही उपक्रम घेण्याआधी शिक्षकानं हजेरीपटावरची आडनावं एकदा डोळ्यांखालून घालावीत. वाघमारे, कोल्हे, लांडगे, मोरे, कावळे, गाढवे, डुकरे, घोरपडे : आपल्याकडे प्राण्यांची आडनावं ढिगानं आहेत आणि ती धारण करणारी मुलं पहिलीपासून चिडवाचिडवी सोसत असतात. फळ्यावर ‘लांडगा : कपटी, संधिसाधू’ असं लिहिलं की पुढच्या मधल्या सुट्टीत काय होतं ते सांगायला नको. (लांडग्यावर हा अन्यायच आहे. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. ‘कळपाचा दादा लांडगा’ ही कल्पना कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून आली, आणि ती लोकांत पसरवण्यात ज्यांच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता त्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये ती चुकीची असल्याचं लिहिलं.)

पालक म्हणतात, ‘पण वर्णन तर अगदी तंतोतंत जुळलं!’ जुळणारच. बर्ट्राम फोरर या अमेरिकी प्राध्यापकांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि आठवड्यानं प्रत्येकाला ‘खास त्याचं’ वर्णन हातात ठेवलं. ते किती जुळतं ते पाचपैकी गुण देऊन सांगा म्हटलं. सरासरी ४.२६ आली. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता, आणि तो भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. हा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हाच प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात एका तासिकेत करता येतो आणि प्राण्यांच्या कागदापेक्षा त्यातून मुलं कितीतरी जास्त शिकतात. आदल्या आठवड्यात कुठलीही दहा-बारा प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. पुढच्या तासाला प्रत्येकाच्या नावाची घडी केलेली चिठ्ठी द्या. आत सगळ्यांना हेच : ‘तुला माणसांत रमायला आवडतं, पण कधी कधी कुणीच नको असं वाटतं. एखादी गोष्ट मनावर घेतली की ती पुरी झाल्याशिवाय तुला चैन पडत नाही. जवळच्या माणसाचं टाकून बोलणं तुला फार लागतं, पण तसं दाखवायला आवडत नाही. तुझ्यात असं बरंच आहे जे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.’ एकमेकांना न दाखवता शून्य ते पाच गुण द्यायला सांगा. गुण गोळा करून फळ्यावर सरासरी काढा. मग एकीला पहिलं वाक्य मोठ्यानं वाचायला सांगा आणि दुसऱ्या बाकावरच्याला दुसरं. तिसऱ्या वाक्यापर्यंत वर्गाला कळलेलं असतं. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. खरं काय ते त्याच तासात सांगायचं, घरी जाऊ द्यायचं नाही. आणि वर्णनात दुखावणारं काही घालायचं नाही, कारण मुलं तेवढ्या वेळात ते खरं मानतात.

याच बाजारात बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू आणि स्वभाव सांगणारी चाचणीही विकली जाते, आणि तिच्या अहवालातही अनेकदा गरुड-मोर-पारवा-घुबड येतात. बोटांवरच्या रेषा गर्भात साधारण सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात आणि मग आयुष्यभर तशाच राहतात. म्हणून ही चाचणी दहा वेळा केली तरी दहाही वेळा तोच पक्षी येतो, आणि विकणारा म्हणतो, बघा किती अचूक! बी.एड.ला शिकलेले दोन शब्द इथे आठवावेत : विश्वसनीयता आणि सप्रमाणता. पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येणं ही विश्वसनीयता. जे मोजायचं म्हटलं तेच मोजलं जाणं ही सप्रमाणता. पट्टीनं मुलाचं पाऊल मोजलं तर दर वेळी तेच माप येईल, पण त्यावरून त्याचं गणित कळणार नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. ही चाचणी शाळेच्या आवारात झाली तर जबाब मुख्याध्यापकांनीच द्यायचा, मग शाळेनं पैसे घेतले असोत वा नसोत.

पंचांगात प्रत्येक जन्मनक्षत्राला एक योनी दिलेली असते : अश्व, गज, मार्जार, मूषक, व्याघ्र, वानर अशा चौदा. गुणमेलनात छत्तीसपैकी चार गुण योनीचे. ज्याची श्रद्धा असेल त्यानं ते घरी पाहावं. पण जन्मावरून किंवा बोटांवरून प्राणी ठरवून त्यावर मुलाला शाखा निवडायला सांगणं हे शाळेचं काम नव्हे, त्याला टक्केवारीचा आलेख जोडला तरीही नव्हे.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र चुकीच्या प्राण्यानं होत नाही. प्राणी मिळाला की शोध थांबतो, ते खरं नुकसान. तिसऱ्या बाकावरची मुलगी बोलत नाही, हाक मारली तरी बघत नाही. ‘पारवा आहे ती, शांत.’ तिचे कान तपासायचे राहून जातात. एक मुलगा जागेवर बसत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो. ‘पाणमांजर आहे, खेळकर.’ चष्म्याचा नंबर, लक्ष टिकवण्याची अडचण, वाचनातली अक्षमता, घरातली भांडणं यांपैकी काहीच विचारलं जात नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरून दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांच्यासाठीच्या सवलती मिळायच्या तर आधी कुणाच्या तरी मनात शंका यावी लागते, आणि गोड नाव मिळालं की शंका येत नाही. उलट बाजूही आहे. दुसऱ्यांना ढकलणाऱ्या मुलाची तक्रार आली की ‘सिंहच आहे तो’ असं कौतुकानं म्हटलं जातं आणि मुलाला पुढच्या वेळेसाठी सबब मिळते.

मग प्राणी वर्गातून हाकलून द्यायचे का? मुळीच नाही. आपल्याकडे प्राण्यांकडून शिकण्याची वाट फार जुनी आणि फार चांगली आहे. यदु राजाला भेटलेला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत अजगर आहे, मधमाशी आहे, हत्ती, हरीण, मासा, कोळी, कुंभारीण माशी आहे. पण अवधूत कुठेही ‘मी अजगर आहे’ म्हणत नाही. अजगराकडून हे घेतलं, मधमाशीकडून हे घेतलं, आणि माशाकडून काय करू नये ते शिकलो, असं सांगतो. एकाच माणसाला चोवीस गुरू लागतात आणि आपण मुलाला एका प्राण्यात बसवतो. शाळेत प्राणी आणायचे तर याच वाटेनं आणावेत : मुलाला आठवड्यापुरतं त्या प्राण्याचं काम द्यावं.

त्याची एक रीत खाली देतो. पाचवी ते आठवीसाठी, अठ्ठेचाळीस मुलांचा वर्ग धरून. सहा-सहाचे आठ गट. सहा प्राणी, सगळे आजूबाजूला दिसणारे. मुंगीनं काम वाटायचं, कोण काय करणार ते कागदावर लिहायचं. मधमाशीनं बाहेर जाऊन माहिती आणायची. मधमाशी पोळ्यावर नाचून फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब ते सांगते, तसं हिनंही ‘बरंच’, ‘थोडं’ असं न सांगता नेमका आकडा सांगायचा. सुगरणीनं आलेल्या माहितीचा तक्ता विणायचा. (सुगरण पक्ष्यात घरटं नर विणतो, हे मुलांना आवर्जून सांगावं. नीटनेटकं काम मुलींचंच, हा समज तिथेच सैल होतो.) बगळ्यानं काम चालू असताना बोलायचं नाही, फक्त टक लावून पाहायचं आणि शेवटी काय पाहिलं ते सांगायचं. खारीनं वेळ आणि साहित्य सांभाळायचं. सहावा सातभाईंमधला पहारेकरी : हे पक्षी थव्यानं दाणे टिपतात तेव्हा एखादा उंच बसून धोक्याची हाक देतो, तसं यानं चूक दिसली की सगळ्यांना थांबवायचं.

अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या, म्हणजे सहा प्राण्यांच्या प्रत्येकी आठ, जुन्या निमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर होतात. काम खरं द्यावं, उदाहरणार्थ ‘आपल्या शाळेला दिवसाला किती लिटर पाणी लागतं?’ पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पाच मिनिटं चिठ्ठ्या आणि काम समजावणं, अठरा मिनिटं काम, सात मिनिटं बगळ्यांचं बोलणं, पाच मिनिटं वहीत नोंद. पुढच्या आठवड्याला प्रत्येक चिठ्ठी गटातल्या पुढच्या मुलाकडे सरकते. सहा आठवड्यांत प्रत्येक मूल सहाही कामं करतं.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. पहिल्या दोन आठवड्यांत धीट मुलं मधमाशीची चिठ्ठी बदलून घेतात. म्हणून क्रम हजेरी क्रमांकानं बांधून भिंतीवर लावावा आणि अदलाबदल बंद ठेवावी. बगळ्याचं काम बडबड्या मुलाला शिक्षा म्हणून देण्याचा मोह शिक्षकाला होतो. तसं एकदा झालं की ते काम कुणालाच नको होतं. गैरहजर मुलासाठी सगळा तक्ता सरकवू नये. तो आला की भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे त्या आठवड्याचं काम त्यानं घ्यावं, आणि गटात पाचच असतील तर मुंगी आणि खार एकानं करावं. बोलताना अडखळणाऱ्या मुलाला मधमाशीच्या कामातून सूट देऊ नये, आकडे चिठ्ठीवर लिहून आणायची मुभा द्यावी. आणि घंटा झाली की सगळ्या चिठ्ठ्या परत घ्याव्यात, न चुकता. खिशात गेलेली चिठ्ठी संध्याकाळपर्यंत टोपणनाव होते.

राहिला प्रश्न नोंदींचा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात २०१० पासून आपल्याकडे वर्णनात्मक नोंदी आहेत. त्या तयार याद्यांतून उतरवल्या जातात ही तक्रार जुनीच. आता तिथे प्राणी येऊन बसले तर उतरवणं आणखी सोपं होईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं सर्वांगीण प्रगतिपत्रक सुचवलं, त्यात मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापनही धरलं, पण मुलाला एखाद्या प्रकाराचं नाव द्यावं असं त्यात नाही. ‘सिंह स्वभाव, नेतृत्वगुण उत्तम’ ही नोंद वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षिकेला काय कळणार? त्याऐवजी हे पाहा : ‘पाण्याच्या मोजणीत मुंगी असताना तीन वेळा दुसऱ्यांचं बोलणं तोडलं. बगळ्याच्या आठवड्यात शेवटपर्यंत थांबला आणि तक्त्यातल्या दोन चुका बरोबर सांगितल्या.’ यात मुलगा दिसतो, त्याला काय येतं ते दिसतं, कशात मदत हवी तेही दिसतं. हे फार काम नाही. आठवड्याला आठ मुलांच्या दोन-दोन ओळी लिहिल्या की सहा आठवड्यांत अठ्ठेचाळीस पुऱ्या होतात. नोंदीत तारीख हवी, काय केलं ते क्रियापदात हवं, आणि ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘मुळातच’ हे शब्द नकोत.

पालकांना एवढंच सुचवतो की कागद हातात पडला की भरण्याआधी विचारावं. ही प्रश्नावली मराठीत कुणी आणि कुठल्या वयाच्या मुलांवर तपासून घेतली आहे? महिन्यानं पुन्हा दिली तर किती मुलांचा प्राणी तोच येतो? निकाल कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, त्यावरून बाक, गट, स्पर्धेची निवड यांपैकी काय ठरणार? समजावून सांगणाऱ्या व्यक्तीचं मानसशास्त्रातलं शिक्षण काय? कागद मोबाइलवर भरायचा असेल तर आणखी सावध राहावं; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालकच आहे आणि त्याची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘आमच्या वर्गातले अकरा सिंह’ अशी नावानिशी यादी टाकणं तर ताबडतोब थांबायला हवं.

ज्या शाळांनी या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात हा रकाना आधीच छापून घेतला आहे, त्यांनी पुस्तकं फेकू नयेत, खर्च झालेला आहे. त्या रकान्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवावी, वर ‘या सत्रात पाहिलेली एक गोष्ट’ असं लिहावं आणि खाली तारखेसह दोन ओळी. भरलेल्या जुन्या प्रश्नावल्या मुलांना परत द्याव्यात. पाठची बाजू कोरी असते, मधमाशीला आकडे टिपायला उपयोगी पडेल.

कळावे,

आपला,
एक शालेय समुपदेशक, सातारा